मुकी दाढदुखी

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, हे आपल्याकडे इतके गृहीत धरलेले असते की त्याबद्दल कोणी डॉक्टरांना विचारतही नाही. केस गळतात, गोचीड लागतात, पोट बिघडते, या तक्रारी घेऊन माणसे दवाखान्यात जातात. तोंडाच्या वासावरचा उपाय म्हणजे कुत्र्याला जरा लांब बसवणे. मांजराच्या बाबतीत तेवढेही होत नाही, कारण त्याच्या तोंडाजवळ नाक नेण्याची वेळच सहसा येत नाही. पण हा वास प्राण्याच्या जातीला चिकटलेला नसतो. निरोगी हिरड्या असलेल्या कुत्र्याच्या तोंडाला नुकत्याच खाल्लेल्या अन्नाचा वास येईल. कुजका वास येत नाही. कुजका वास येतो तो हिरडीखाली साचलेल्या जिवाणूंचा आणि त्यांनी पोखरलेल्या भागाचा. सवयीचे म्हणून आपण जे सोडून देतो, ते बहुतेक वेळा चालू असलेले, दुखणारे आणि टाळता येण्याजोगे आजारपण असते.

तीन वर्षे ओलांडलेल्या बहुतेक कुत्र्या-मांजरांत हिरड्यांच्या आजाराची काही ना काही खूण सापडते, असे पशुदंतवैद्यक सांगतात. मात्र दवाखान्याच्या कागदावर हा आकडा फार लहान दिसतो. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांतल्या २०१६ सालच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वर्षभरात सुमारे साडेबारा टक्के कुत्र्यांच्या नावापुढे हा आजार लिहिलेला आढळला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जाग्या कुत्र्याचा ओठ वर करून डॉक्टर दोन सेकंदांत जे पाहतात, ते दातांचे बाहेरचे अंग असते. आजार राहतो आतल्या अंगाला आणि हिरडीच्या खाली. ब्रिटनसारख्या देशात ही गत, तर लसीकरणापुरतेच दवाखान्यात जाणाऱ्या आपल्याकडच्या प्राण्यांबद्दल वेगळे काय बोलावे!

कुत्र्याला कायमचे ४२ दात असतात, मांजराला ३०. दुधाचे दात अनुक्रमे २८ आणि २६. सहा-सात महिन्यांच्या आत ते पडून कायमचे येतात. दातांवर लाळेतल्या प्रथिनांचा आणि जिवाणूंचा पातळ, चिकट थर रोज चढतो. तो पुसला गेला नाही, तर दोन-तीन दिवसांत लाळेतले क्षार त्यात बसू लागतात आणि त्याचे पिवळे-तपकिरी किटण होते. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे माणसांसारखे दात किडण्याचे प्रमाण कुत्र्यांत कमी आणि किटण चढण्याचे जास्त. खरा उपद्रव किटणाचा नसतो, त्यावर आणि त्याखाली वाढणाऱ्या जिवाणूंच्या थराचा असतो. आधी हिरडीची कड लाल होते, सुजते, चावायचे खेळणे तोंडातून काढले की त्यावर रक्ताचा डाग दिसतो. इथपर्यंतची अवस्था पूर्ण बरी होऊ शकते. पुढे दात आणि हिरडी यांच्यामध्ये खिसा तयार होतो, दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू तुटतात, हाड झिजते. गेलेले हाड सहसा परत येत नाही.

लहान चणीच्या जातींना हा आजार अधिक छळतो. पॉमेरेनियन, शिह त्झू, पग ही आपल्याकडच्या फ्लॅटमधली लाडकी मंडळी. जबडा लहान, दात मात्र बेचाळीसच्या बेचाळीस. ते एकमेकांना खेटून, वाकडे-तिकडे उगवतात आणि फटींमध्ये घाण साचते. पॉमेरेनियनसारख्या कुत्र्यांत दुधाचा सुळा न पडता नवा सुळा त्याच्या शेजारी उगवतो. दोन सुळ्यांचे पिल्लू पाहून घरच्यांना गंमत वाटते, पण दुधाचा सुळा वेळेत काढला नाही तर कायमचा सुळा जागा चुकतो. लहान कुत्र्यांच्या खालच्या जबड्यातील मोठ्या दाढेची मुळे हाडाच्या खालच्या कडेपर्यंत पोचलेली असतात. तिथले हाड आजाराने पोखरले गेले, तर सोफ्यावरून उडी मारण्याच्या निमित्तानेही जबडा मोडू शकतो. वरच्या सुळ्याच्या मुळाशी हाड गेले की तोंड आणि नाक यांच्यात भोक पडते. मग कुत्रा शिंकत राहतो, नाकातून पाणी येते आणि घरचे महिनोन्‌महिने सर्दीचे औषध देत बसतात.

या आजाराचे कारण आणि त्यावरचा उपाय कुत्र्यांच्याच जिवावर शोधला गेला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. हिरड्या सुजण्याचे मूळ दातांवरच्या जिवाणूंच्या थरात आहे, हे डेन्मार्कमधील आर्हूस येथे हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये माणसांवरील प्रयोगातून दाखवले. काही दिवस दात घासणे बंद करताच हिरड्या सुजल्या, घासणे सुरू करताच पूर्ववत झाल्या. पण हाड झिजेपर्यंत माणसांना दात न घासता ठेवणे शक्य नव्हते. ते बीगल जातीच्या कुत्र्यांवर केले गेले. यान लिंडे, हँप आणि लो यांचा १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास चार वर्षे चालला. एका गटातील कुत्र्यांचे दात रोज दोनदा घासले जात, दुसऱ्या गटाचे घासले जात नसत. घासलेल्या गटाच्या हिरड्या चार वर्षे निरोगी राहिल्या. न घासलेल्या गटात सूज आली आणि त्यातील बहुतेकांचे हाड झिजू लागले. आज आपला दंतवैद्य ‘रोज नीट घासा’ असे सांगतो, त्यामागच्या पुराव्यात हे बीगलही आहेत. माणसाने तो सल्ला स्वतःसाठी घेतला. ज्यांच्या तोंडात तो सिद्ध झाला, त्यांच्यापर्यंत तो पन्नास वर्षांनंतरही पोचलेला नाही, हे काही आपल्या कृतज्ञतेचे लक्षण म्हणता येणार नाही.

आजार इतका सर्रास आणि तरी दिसत कसा नाही? याचे एक कारण असे की प्राणी जेवण सोडत नाहीत. ‘दात दुखत असते तर खाल्ले नसते’ हे वाक्य प्रत्येक पशुवैद्यकाने ऐकलेले असते. माणसाची दाढ दुखली की तो ताट बाजूला सारतो, कारण त्याला ते सारणे परवडते. कुत्र्या-मांजरांच्या पूर्वजांना ते परवडत नव्हते. न खाणे म्हणजे मरण आणि दुखणे दाखवणे म्हणजे दुसऱ्याचे भक्ष्य होणे. म्हणून हे प्राणी एका बाजूने चावतात, घास न चावता गिळतात, कोरडे खाणे सोडून दूधभाताकडे वळतात. घरचे समजतात, लाडावलाय. कुत्रा पूर्वीसारखा दोरी ओढायचा खेळ खेळत नाही, तोंडाला हात लावू देत नाही, मांजर अंग चाटून स्वच्छ करणे कमी करते, तिचे केस गुंतू लागतात. घरचे समजतात, वय झाले. दुखरे दात काढल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत तोच प्राणी पुन्हा खेळू लागतो आणि मग लोक डॉक्टरांना सांगतात की हा असा होता हेच आम्ही विसरलो होतो.

वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही मांसाहारी प्राण्यांची कात्री. यातील वरच्या उपदाढेला तीन मुळे असतात आणि ती डोळ्याच्या बरोबर खाली असतात. मुळाशी पू झाला की सूज येते डोळ्याखाली. गांधीलमाशी चावली असेल, कुठे तरी धडकला असेल, असे म्हणून त्यावर मलम लावले जाते. गळू फुटते, सुकते, पुन्हा येते. डोळ्याखाली वारंवार येणारी सूज दाताची असू शकते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ त्रास वाचेल.

मांजरांचे दुखणे आणखी निराळे. त्यांच्यात दात आतून विरघळण्याचा एक विकार आढळतो. हाड मोडून नवे घडवणाऱ्या शरीराच्या स्वतःच्याच पेशी दाताच्या मुळावर हल्ला करतात. वय वाढेल तसे त्याचे प्रमाण वाढत जाते. सुरुवातीला वरून काहीच दिसत नाही. नंतर हिरडीच्या कडेला दातावर गुलाबी ठिपका दिसतो, जणू हिरडीच दातावर चढली आहे. त्या जागी हलका स्पर्श झाला तरी भुलेखालचे मांजरसुद्धा जबडा थरथरवते. याचे नेमके कारण अजून उलगडलेले नाही आणि दात भरून तो टिकत नाही, काढावा लागतो. दुसरा विकार संपूर्ण तोंड आणि घशाचा भाग लालभडक होण्याचा. मांजरांमधील कॅलिसी विषाणूशी त्याचा संबंध दिसतो. ही मांजरे भुकेने वाटीजवळ येतात, एक घास घेतात, किंचाळून मागे सरतात. गल्लीतल्या मांजरांना खाऊ घालणाऱ्यांनी अशी एखादी तरी पाहिलेली असते. यावर महिनोन्‌महिने स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात, पण ज्या उपायाने सर्वाधिक मांजरांना आराम पडतो तो म्हणजे मागचे सगळे किंवा तोंडातले सगळेच दात काढणे. ऐकायला क्रूर वाटते. प्रत्यक्षात बिनदाताचे मांजर व्यवस्थित जेवते, अनेकदा कोरडे खाणेसुद्धा. त्याच्यासाठी दुखरे तोंड हे बोळक्या तोंडापेक्षा कितीतरी वाईट.

इथे एक सावधगिरी आपल्या देशात सांगायलाच हवी. लस न घेतलेला कुत्रा किंवा मांजर अचानक लाळ गाळू लागले, वागणे बदलले, गिळता येईनासे झाले, तर ‘दातात काही अडकले असेल’ म्हणून तोंडात बोटे घालू नयेत. आधी रेबीजची शंका घ्यावी आणि पशुवैद्यकाला बोलवावे.

आता एक नेहमीचा युक्तिवाद. जंगलात लांडग्यांचे दात कोण घासते? निसर्गात हाडे चावून दात आपोआप साफ होतात, तेव्हा घरच्या कुत्र्यालाही हाड द्यावे. आफ्रिकेतील जंगली कुत्र्यांच्या कवट्या तपासून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दातांवर किटण फारच थोडे दिसले, हे खरे. पण सुमारे चाळीस टक्के कवट्यांत हिरड्यांच्या आजाराने हाड झिजल्याच्या खुणा होत्या आणि जवळजवळ निम्म्या कवट्यांत तुटलेले दात होते. म्हणजे हाडांनी किटण काढले, आजार थांबवला नाही, वर दात मोडले. शिवाय जंगली कुत्रा बारा-चौदा वर्षे जगत नाही, घरचा जगतो. शिजवलेली हाडे, शिंगाचे तुकडे, वाळवलेले खूर चावताना वरच्या उपदाढेचा कपचा उडणे ही पशुदंतवैद्यकांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. दाताचे कवच कुत्र्यात एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, मांजरात त्याहून बरेच कमी. चावायला दिलेली वस्तू अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर थोडी तरी दबली पाहिजे. न दबणारी वस्तू दातापेक्षा कठीण समजावी.

दात आणि हृदय, दात आणि मूत्रपिंड यांच्याबद्दलही बरेच बोलले जाते. हिरड्यांचा आजार असलेल्या कुत्र्यांत या अवयवांतले बदल अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत. मात्र एकामुळेच दुसरे झाले, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. दोन्ही गोष्टी वाढत्या वयाबरोबर येतात. पालकांना घाबरवण्यासाठी हृदयविकाराचा बागुलबुवा उभा करण्याची गरजच नाही. तोंडातली वेदना हे पुरेसे कारण आहे.

आजार आधीच झाला असेल तर घासून तो जात नाही. हिरडीखालून सफाई करावी लागते आणि ती भूल देऊनच करावी लागते. सारे अडते ते इथे. भूल म्हटले की प्राणी पाळणाऱ्यांचा जीव घाबरतो. ही भीती निराधार नाही, पण तिला तिचे माप द्यायला हवे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांतील सुमारे ९८ हजार कुत्रे आणि ७९ हजार मांजरांच्या भुलेचा पाठपुरावा झाला. भुलेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण निरोगी कुत्र्यांत सुमारे दोन हजारांत एक आणि निरोगी मांजरांत नऊशेत एक निघाले. आधीच आजारी असलेल्या प्राण्यांत मात्र ते शंभरात एकाहून अधिक होते. या आकड्यांचा अर्थ ‘भूल नको’ असा नाही. भूल प्राणी धडधाकट असताना द्यावी, आधी रक्ततपासणी करावी, आणि पाच वर्षांचा असताना टाळलेली सफाई बाराव्या वर्षी मूत्रपिंड कमजोर झाल्यावर करण्याची वेळ आणू नये, असा आहे. आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्यात ब्रिटनइतकी देखरेख असते, असे मात्र कोणी समजू नये. म्हणूनच ती आहे का, हे विचारावे.

या भीतीचा फायदा उठवणारी एक सेवा गेल्या काही वर्षांत फोफावली आहे: भूल न देता दात साफ करून देण्याची. केस कापणे, नखे कापणे, आंघोळ, आणि त्याच यादीत ‘स्केलिंग’. कुत्र्याला धरून, ओठ वर करून, धारदार अवजाराने दिसणाऱ्या दातांवरचे किटण खरवडून काढायचे. अर्ध्या तासात दात पांढरे, फोटो काढण्याजोगे. मालक खूश. अमेरिकेतील पशुदंतवैद्यक महाविद्यालयापासून पाळीव प्राण्यांच्या वैद्यकांच्या जागतिक संघटनेपर्यंत सगळ्यांनी या प्रकाराला स्पष्ट विरोध केला आहे आणि त्याची कारणे समजायला अवघड नाहीत. जागा प्राणी हिरडीखाली अवजार घालू देत नाही. दातांचे आतले अंग तर दिसतही नाही. जिथे आजार आहे, तिथे हात लागत नाही. खरवडलेल्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात. ते चकचकीत करून गुळगुळीत केले नाहीत, तर नवा थर आणखी पटकन बसतो. प्राणी हलला तर हिरडी फाटते. आणि सर्वांत मोठे नुकसान असे की बाहेरून दात स्वच्छ दिसल्यामुळे पुढची दोन-तीन वर्षे कोणी तोंडात पाहत नाही, आत हाड झिजत राहते. घराच्या भिंतीला ओल आलेली असताना रंग मारून घ्यावा, त्यातला हा प्रकार.

योग्य सफाईत काय असते? प्राण्याला बेशुद्ध केल्यावर श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घातली जाते. तोंडात पाण्याचा फवारा चालू असतो आणि त्या पाण्यात जिवाणू असतात. ते फुप्फुसात जाऊ नये यासाठी ही नळी. नाडी, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, शरीराचे तापमान यांवर सतत कोणाचे तरी लक्ष असते. किटण यंत्राने काढले जाते, हिरडीखालूनही. प्रत्येक दाताभोवती बोथट सळई फिरवून खिसा किती खोल आहे ते मोजले जाते. कुत्र्यात तीन मिलिमीटरपर्यंत आणि मांजरात जेमतेम एक मिलिमीटरपर्यंत ठीक. शेवटी दात चकचकीत केले जातात. आणि क्ष-किरण फोटो काढले जातात. या फोटोंवाचून निम्मे काम अंधारात होते. कॅलिफोर्नियात फ्रँक व्हर्स्ट्राटे आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की डोळ्यांनी तपासताना दात निर्दोष दिसलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांमध्ये आणि मांजरांपैकी सुमारे ४२ टक्क्यांमध्ये फोटोत उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचे काही तरी सापडले.

हे सारे आपल्याकडे किती ठिकाणी मिळते? परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा इतिहास १८८६ पासूनचा. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये नागपूरला स्थापन झाले आणि त्याच्या छत्राखाली मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यक घडतात. पण त्यांचे शिक्षण मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांना धरून आखलेले आणि शेतीप्रधान राज्यात ते स्वाभाविकही होते. दंतोपचार हा त्यात शस्त्रक्रियेच्या विषयातला एक छोटा तुकडा. अमेरिकेत पशुदंतवैद्यक ही स्वतंत्र विशेषशाखा १९८८ पासून आहे. आपल्याकडे ज्यांना या कामात गती आहे त्यांनी ती बहुतेक स्वतःच्या हौसेने, कार्यशाळांतून आणि परदेशी अभ्यासक्रमांतून मिळवलेली. पुण्या-मुंबईच्या काही दवाखान्यांत दातांचे क्ष-किरण यंत्र दिसते. तालुक्याच्या ठिकाणी दाढेचा त्रास असलेल्या कुत्र्याला प्रतिजैविकांचा कोर्स मिळतो. त्याने वास आठवडाभर कमी होतो, आजार तिथेच राहतो, कारण दाताला चिकटलेल्या थरात औषध शिरत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तोच कोर्स. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढत असल्याची चिंता आपण रोज ऐकतो. त्यात ही भर कशासाठी?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज इतरांनी प्राण्यांवर उपचार करण्यास तो मज्जाव करतो. मग धातूच्या अवजाराने दात खरवडणे हा उपचार की सौंदर्यप्रसाधन? राज्य पशुवैद्यक परिषदेने याचे उत्तर लेखी आणि स्पष्ट द्यायला हवे. ब्रश फिरवणे पार्लरने खुशाल करावे; अवजार दाताला लावायचे तर ते पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि भुलेखालीच. दवाखान्यांचीही एक जबाबदारी आहे. ‘डेंटल’ या एका शब्दाखाली कुठे नुसते किटण खरवडून मिळते, तर कुठे वर सांगितलेले सारे. खर्चातला फरक काही हजारांचा असतो आणि तो कशाचा आहे हे ग्राहकाला कळत नाही. नळी, देखरेख, क्ष-किरण, मोजणी यांपैकी काय होणार आणि काय नाही, हे आधीच कागदावर मिळाले तर स्वस्त आणि महाग यांची तुलना करता येईल. खर्च परवडत नसेल त्यांनी संकोच न करता तसे सांगावे. नसबंदीसाठी भूल द्यायचीच आहे तर त्याच वेळी अडलेला दुधाचा सुळा काढून घेता येतो. पुष्कळ गोष्टी अशा जोडून होतात.

राहिले घर. रोजचे घासणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत कमी केला जाणारा. मऊ केसांचा लहान मुलांचा ब्रश चालतो. प्राण्यांसाठी बनवलेली पेस्ट घ्यावी, आपली नाही. आपल्या पेस्टचा फेस आणि फ्लोराइड ते थुंकू शकत नाहीत, गिळतात. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याला विषारी आहे. रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतालाही इजा होते. पेस्ट नसेल तर नुसता ओला ब्रशही चालेल, कारण काम करतात ते ब्रशचे केस. तोंड उघडावे लागत नाही. ओठ जरा वर उचलून बाहेरच्या अंगाने, हिरडीच्या कडेवर तिरका ब्रश फिरवायचा, मागच्या दाढांपासून. पहिले चार दिवस नुसते बोटाला खाऊ लावून हिरडीवरून फिरवावे, मग बोटाला सुती कापड, मग ब्रश. अर्धा मिनिट पुरते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे घासण्यापेक्षा रोजचे अर्धे मिनिट मोलाचे, कारण थराचे किटण होण्याआधी तो पुसायचा असतो. हिरड्या आधीच लाल आणि दुखऱ्या असतील तर घासायला सुरुवात करू नये, आधी उपचार. नाही तर प्राणी ब्रश म्हणजे वेदना हे समीकरण शिकतो आणि पुन्हा कधी हात लावू देत नाही.

दात साफ करणारी बिस्किटे, चघळायच्या काड्या, पाण्यात टाकायची द्रावणे यांनी दुकानांचे कप्पे भरलेले असतात. त्यातील काहींचा उपयोग होतो. अमेरिकेत १९९७ पासून ‘व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल’ ही संस्था चाचण्यांचे निष्कर्ष पाहून अशा उत्पादनांना मोहोर देते. तिची यादी खुली आहे, खरेदीपूर्वी पाहावी. मोहोर असली तरी ती ब्रशची जागा घेत नाही. घरगुती उपायांत खोबरेल तेलाने बिघडत काही नाही, फारसे घडतही नाही. लवंगतेल मात्र मांजराच्या जवळही नेऊ नये. आपल्या दाढदुखीवरचा हा आजीबाईचा उपाय मांजराचे यकृत पचवू शकत नाही. तसेच वेदनेवर म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजराला देणे म्हणजे जीव घेणे होय. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात.

मोठ्या वयाच्या मांजराच्या तोंडाला वास येतो तो दरवेळी दाताचाच असतो असेही नाही. मूत्रपिंड निकामी होत असताना, मधुमेहातही वास बदलतो. तोंडातल्या गाठी कर्करोगाच्या असू शकतात आणि त्या लवकर सापडल्या तरच काही करता येते. यातले काहीही घरी ठरवता येत नाही. वर्षातून एकदा रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जाणे होतेच. त्या वेळी टेबलावर उभ्या असलेल्या प्राण्याचा ओठ दोन्ही बाजूंनी मागच्या दाढेपर्यंत वर करून पाहायला डॉक्टरांना सांगावे, आणि काय दिसले ते लसीच्या कार्डावर तारखेसह लिहून घ्यावे.